साखरेला आठ दिवस, कांद्याला पाच महिने : हितसंबंधी गट, निवडणुका आणि धोरण

गोदाकाठ (धागालेखक)

7 डिसेंबर 2023 या एकाच दिवशी केंद्र सरकारने दोन निर्णय घेतले. पहिल्याने साखर कारखान्यांना उसाचा रस इथेनॉलसाठी वापरण्यास मनाई केली आणि दुसऱ्याने दुसऱ्या दिवसापासून कांद्याची निर्यात बंद केली. दोन्हींमागचे कारण सारखेच होते. पाऊस कमी झाला होता, उत्पादन घटण्याची भीती होती, लोकसभेची निवडणूक जवळ आली होती आणि शहरातल्या स्वयंपाकघरात साखर किंवा कांदा महाग होणे सरकारला परवडणारे नव्हते. यातला पहिला निर्णय 15 डिसेंबरला, म्हणजे आठ दिवसांत, सैल झाला. 17 लाख टन साखरेइतकी मर्यादा घालून रस आणि बी-हेवी मळी (साखर पूर्ण न काढता बाजूला काढलेली मळी) या दोन्हींपासून इथेनॉल करण्यास परवानगी मिळाली. दुसरा निर्णय मात्र 4 मे 2024 पर्यंत कायम राहिला, आणि तो उठला तेव्हाही टनामागे 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क अशा दोन अटी मागे ठेवून उठला.

मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक आहे. लोकशाहीत दबावगट असावेत की नसावेत ही चर्चा येथे अनेकदा झाली आहे आणि ती बहुधा तत्त्वाच्या पातळीवर राहते. मला तत्त्वापेक्षा या दोन तारखांमधल्या फरकाचे उत्तर हवे आहे. आमची संख्या कमी नाही. नाशिक जिल्ह्यात कांदा पिकवणारी कुटुंबे विधानसभेचे निकाल फिरवू शकतील इतकी आहेत. मग आठ दिवस त्यांना आणि पाच महिने आम्हाला, असे का झाले?

8 डिसेंबरच्या सकाळी मी लाल कांद्याची ट्रॉली घेऊन बाजार समितीच्या रांगेत उभा होतो. निर्यातबंदीची बातमी आदल्या रात्रीच मोबाइलवर आली होती, तरीही निघालो, कारण लाल कांदा थांबत नाही. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत चार-पाच महिने राहतो, पण खरिपाच्या लाल कांद्यात पाणी जास्त असते. तो काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत मान सोडतो, कोंब धरतो, खालच्या थरातून वास येऊ लागतो. त्या सकाळी शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, महामार्गावर ठिय्या दिला, घोषणा झाल्या. दुपारी पोलिस आले, नेते आले, निवेदन स्वीकारले गेले. तिसऱ्या दिवशी तेच शेतकरी, त्यांत मीही, पडलेल्या भावाने कांदा देऊन परत आलो. पुढच्या पंधरवड्यात भाव निम्म्याच्या आसपास उतरले. माझ्या हिशोबपट्टीवर हमाली, तोलाई आणि वाराई वजा जाऊन जी रक्कम उरली तिच्यातून ट्रॅक्टरचे भाडे आणि काढणीची मजुरी जेमतेम भागली. रोपांचे, खताचे आणि चार महिन्यांच्या पाण्याचे पैसे त्या पट्टीत नव्हतेच.

कारखान्यांचे कसे झाले ते आता पाहू. महाराष्ट्रात सुमारे 200 साखर कारखाने गाळप करतात, त्यांतले साधारण निम्मे सहकारी आणि निम्मे खासगी आहेत. इथेनॉल तयार करणाऱ्या आसवनी प्रकल्पांसाठी 2018 पासून केंद्राच्याच व्याज सवलत योजनेतून बँकांनी कर्जे दिलेली होती. तेल कंपन्यांशी पुरवठ्याचे करार झालेले होते. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2030 वरून अलीकडे आणून सरकारने स्वतःच हा व्यवसाय उभा केला होता. त्यामुळे 7 डिसेंबरचा आदेश निघताच कारखानदार, बँका, आणि उसाची रक्कम थकेल या भीतीने ऊस उत्पादकही, एका बाजूला उभे राहिले. राज्य साखर संघ, राष्ट्रीय सहकारी महासंघ, खासगी कारखान्यांची संघटना या सर्वांकडे पुण्या-दिल्लीत कार्यालये आहेत, आकडे तयार ठेवणारे लोक आहेत आणि मंत्र्यांपर्यंत एका फोनमध्ये पोहोचणारी माणसे आहेत. पुष्कळदा तर मंत्री आणि अध्यक्ष एकाच घरातले असतात. शिवाय गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवता येते. साखर सहा महिने थांबू शकते. माझा कांदा थांबू शकत नाही, आणि जो थांबू शकत नाही त्याला वाटाघाटीच्या टेबलावर खुर्ची मिळत नाही, असे मला आता वाटू लागले आहे.

साखर कारखान्यांना काही मिळू नये असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या आठ दिवसांमुळे लाखो ऊस उत्पादकांचे नुकसान टळले, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न आमच्या बाजूने आहे. निवडणूक आणि धोरण यांच्यामध्ये जो रस्ता आहे त्यावर संघटित गटच चालू शकतात, तर विखुरलेल्यांनी तो कसा गाठावा, यावर जाणकारांनी लिहावे.

पंचगंगा

गोदाकाठ, तुम्ही लिहिलेले सारे खरे आहे, फक्त ऊस उत्पादक आणि कारखाना यांना तुम्ही एका बाजूला उभे केले आहे, तेवढे आम्ही कोल्हापूरकडचे लोक मान्य करणार नाही. इथेनॉलच्या प्रश्नात आम्ही एकत्र होतो. दराच्या प्रश्नात आम्ही समोरासमोर असतो.

ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस तुटल्यापासून 14 दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास 15 टक्के व्याज द्यावे लागते. तरीही फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य शासनाने एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) दोन हप्त्यांत देण्याची मुभा देणारा निर्णय काढला. ही मागणी कोणाची होती हे वेगळे सांगायला नको. त्याविरुद्ध स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च 2025 मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे एकाच पिकात दोन गट आहेत. एकाचा हात मंत्रालयात पोहोचतो, दुसऱ्याला जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत मैदान भरवावे लागते, वाहने अडवावी लागतात आणि शेवटी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

कारखाना निवडणुकीत कसा उतरतो हे बाहेरच्यांना नीट माहीत नसते. पैशाची चर्चा फार होते, पण आमच्याकडे खरी ताकद ऊसतोडीच्या कार्यक्रमात आहे. कोणाच्या उसाला टोळी कधी द्यायची हे गट कार्यालयात ठरते. चिटबॉय लागणीची नोंद घेतो आणि शेती अधिकारी तारखेप्रमाणे तोड लावतो, अशी कागदावरची पद्धत आहे. एका वर्षी आमच्या वडिलांनी कारखान्याच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलचे उघड काम केले. त्या हंगामात आमच्या नोंदीनंतरचे ऊस गेले, आमचा उभा राहिला. मार्चअखेर तुरे पूर्ण सुकले, ऊस पोकळ पडला आणि एकरी टनेज इतके घटले की सोसायटीचे कर्ज त्या वर्षी नवे-जुने करावे लागले. कोणी काही बोलले नाही, कोणी धमकी दिली नाही. पुढच्या निवडणुकीत वडील प्रचारातून बाजूला राहिले. ज्या गटाच्या हाती माणसाचे रोजचे काम अडवण्याची सोय आहे, त्याला मत विकत घ्यावे लागत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे तर संघटनेचा खर्च सभासदांनीच उचलला पाहिजे. शेट्टींच्या निवडणुकीत 'एक नोट, एक व्होट' अशी हाक दिली गेली आणि लोकांनी मतासोबत वर्गणीही दिली. 2009 आणि 2014 मध्ये ते हातकणंगल्यातून खासदार झाले. नंतर 2019 आणि 2024 ला हरले, हेही लिहायला हवे. उसाला दर मिळवून देणारा माणूस वेगळा आणि मत देण्याचा माणूस वेगळा, असे शेतकरी ठरवू लागला, आणि त्याला मी दोष देत नाही. मात्र 14 दिवसांचा नियम आज जो काही पाळला जातो तो मैदान भरत राहिल्यामुळेच पाळला जातो.

मुलुंड पूर्व

मी ग्राहक म्हणून लिहिते. गोदाकाठ यांच्या धाग्यात आम्ही 'शहरातले स्वयंपाकघर' म्हणून एका वाक्यात आलो आहोत, आणि जणू निर्यातबंदी आम्ही मागितली असे चित्र उभे राहते. आमची कोणतीही संघटना दिल्लीला गेली नव्हती. ग्राहक चळवळ महाराष्ट्रात जुनी आहे, परंतु कांद्याची निर्यात बंद करा असे निवेदन माझ्या सोसायटीतल्या एकाही बाईने दिलेले नाही.

तरीही सरकार आमच्यासाठी निर्णय घेते, आणि त्याचे कारण 1998 मध्ये आहे. त्या वर्षी दिल्लीत कांदा भडकला आणि विधानसभेच्या निवडणुकीत तिथले सरकार गेले. तेव्हापासून प्रत्येक पक्षाच्या मनात ती भीती घर करून आहे. आमचा गट असा की त्याला कार्यालय नाही, वर्गणी नाही, पदाधिकारी नाहीत, पण कांद्याचा भाव एकाच आठवड्यात सर्वांना सारखाच दिसतो आणि मतदार म्हणून सर्वांना एकाच वेळी राग येतो. त्या संभाव्य रागाला घाबरून धोरण ठरते. आमचे खरे हित कशात आहे, हे कोणी विचारत नाही. मला वर्षभर बरा भाव देऊन कांदा घ्यायला आवडेल, जानेवारीत दहा रुपये आणि ऑक्टोबरमध्ये सत्तर रुपये असा नको. पण हे म्हणणे मांडण्याची जागाच नाही. म्हणून गोदाकाठ, विखुरलेले तुम्हीच आहात असे समजू नका. आम्हाला न विचारता आमचे नाव पुढे केले जाते, ही आमची तक्रार आहे.

जुना वाचक

संख्या मोठी असणे हीच संघटनेतली अडचण ठरते, हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ मॅन्कर ऑल्सन यांनी 1965 साली मांडले. थोड्यांचा मोठा लाभ असेल तर प्रत्येक जण खर्च उचलतो. पुष्कळांचा थोडा-थोडा लाभ असेल तर प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणी लढेल आणि फळ मलाही मिळेल. 200 कारखाने एकत्र येणे आणि लाखो कांदा उत्पादक एकत्र येणे यांत हा फरक आहे.

मात्र महाराष्ट्राने या नियमाला एक मोठे उत्तर दिले होते. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी 1980 मध्ये चाकणला कांद्याचे आंदोलन उभे केले आणि त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यात उसाचे. 1986 मध्ये चांदवडला महिलांचे अधिवेशन भरले, तेव्हा ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्या बायकांनीही स्वतःला शेतकरी म्हणवून घेतले. विखुरलेले लोक एकत्र येऊ शकतात, हे तेथे दिसले. 'शेतमालाला रास्त भाव' ही एकच मागणी त्यांनी धरली, आणि प्रत्येक गावच्या शेकडो तक्रारी तिच्यात सामावल्या. पुढे 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, तो मतपेटीत टिकला नाही. पंचगंगा यांनी म्हटलेलेच तेव्हाही घडले.

'शेतकरी' हा एकच गट मानण्याची चूकही आपण करू नये. 2020 च्या तीन कृषी कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या सीमेवर वर्षभर ठिय्या चालला आणि 19 नोव्हेंबर 2021 रोजी, उत्तर प्रदेश व पंजाबच्या निवडणुका समोर असताना, ते मागे घेण्याची घोषणा झाली. त्याच काळात आपल्याकडच्या शेतकरी संघटनेचा त्या कायद्यांना पाठिंबा होता. हमीभावाने खरेदी होणाऱ्या गव्हा-तांदळाच्या प्रदेशाचे हित आणि निर्यातीवर जगणाऱ्या कांद्याच्या प्रदेशाचे हित एक नव्हते. जो गट ठिय्या देऊन बसला त्याचे हित राष्ट्राचे शेतकरी धोरण ठरले.

उपायांचे म्हणाल, तर आपल्याकडे मंत्र्यांना कोण भेटले, काय मागितले याची नोंद ठेवणारा कायदा नाही. 2018 मध्ये आलेले निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी घटनाबाह्य ठरवले, तेव्हा कोणी कोणत्या पक्षाला किती दिले हे लोकांना कळले. तोपर्यंत ती माहिती मतदारापासून दडवलेली होती. कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा असे केंद्राचे 2014 चे धोरण आहे, पण निर्यातबंदी ही अधिसूचनेने येते, रात्री निघते आणि सकाळी लागू होते. तिला कोणताही मसुदा नसतो. माझ्या मते कांद्याचा सगळा अन्याय या एका फटीतून शिरतो.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. या धाग्यावर कारखाना आला, ऊस उत्पादक आला, ग्राहक आला. ज्याच्या कोयत्यावाचून गाळप होत नाही तो अजून आलेला नाही, म्हणून लिहितो.

ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो आणि जोडीने, म्हणजे नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा हिशोबाने हंगामाला जातो. त्याचा करार मुकादमाशी असतो, म्हणून कारखाना त्याला आपला कामगार मानत नाही. दर ठरतो तो साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यातल्या लवादात, आणि तेथे दोन्ही बाजूंना राजकीय नेतेच असतात. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली. ती हंगामाच्या मध्यावर आणि संपाचा इशारा दिल्यावर झाली, हे लक्षात घ्यावे. कोयता थांबला की दोन दिवसांत चिमणी थांबते. गोदाकाठ, तुमच्या 'थांबू शकणाऱ्या'च्या मुद्द्यात एवढी भर घाला, की जो दुसऱ्याला थांबवू शकतो त्यालाही खुर्ची मिळते.

पण मताचे काय? विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबर 2024 ला होते आणि आमच्याकडच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतात. माझ्या वर्गातली निम्मी मुले त्या महिन्यात गैरहजर असतात, कारण आई-वडिलांसोबत तीही पालावर गेलेली असतात. मतदानाच्या आदल्या रात्री गावात तीन जीपगाड्या आल्या. उमेदवारांनी कर्नाटक सीमेवरच्या कारखान्यांवरून माणसे आणवली होती. ज्या टोळीचा मुकादम ज्या पुढाऱ्याचा, त्याची गाडी. माझ्या एका विद्यार्थिनीची आई त्या गाडीत बसून रात्रभर प्रवास करून आली, सकाळी मत दिले, शाळेत येऊन मुलीचा दाखला नेला आणि दुपारी त्याच गाडीने फडावर परतली. दोन दिवसांचा खाडा तिच्या उचलीत धरला गेला. मत देण्यासाठी पदरमोड करणारा हा मतदार कोणत्या हितसंबंधी गटात मोजायचा, हे मला येथील जाणकारांनी सांगावे.

गोदाकाठ (धागालेखक)

बालाघाट, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या कांद्याच्या काढणीलाही बाहेरून मजूर येतात आणि त्यांच्या मताचा विचार मी आजपर्यंत केला नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य करतो.

मुलुंड पूर्व यांचा मुद्दा मला पटला. तुमच्या नावाने आमच्यावर बंदी येते आणि तुम्हालाही त्यातून वर्षभराचा कांदा मिळत नाही. उत्पादक आणि ग्राहक यांनी एकत्र निवेदन दिल्याचे माझ्या आठवणीत नाही. ते देता येईल.

मतपेटीबद्दल थोडे. 20 मे 2024 ला नाशिक आणि दिंडोरीत मतदान झाले आणि दोन्हीकडे सत्ताधारी उमेदवार हरले. दिंडोरीत तर केंद्रीय राज्यमंत्री हरल्या. त्याआधी एप्रिलमध्ये 2,000 टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी मिळाली होती. पांढरा कांदा मुख्यतः गुजरातचा, आणि आमचा उन्हाळ अडकलेला. तो राग मतदानात उतरला. 13 सप्टेंबरला, विधानसभेच्या तोंडावर, किमान निर्यात मूल्य काढले गेले आणि शुल्क 20 टक्क्यांवर आले. ते शुल्क 1 एप्रिल 2025 पासून पूर्ण गेले. त्यामुळे मत वाया गेले असे म्हणता येणार नाही. पण त्याच नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या 15 पैकी 14 जागा महायुतीला मिळाल्या, कारण तेव्हा लोकांसमोर दुसरे प्रश्न होते. मत हे पाच वर्षांतून एकदा आणि सगळ्या प्रश्नांवर एकत्र द्यायचे असते. कांद्यापुरते मत वेगळे देता येत नाही. कारखान्यांच्या संघटना मात्र निवडणूक असो वा नसो, दर महिन्याला आपला एकच प्रश्न घेऊन जातात. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला बरेचसे येथे सापडले.

आणखी एक अनुभव. 2023 च्या मार्चमध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईकडे निघाला, तेव्हा राज्याने विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान दिले. त्यासाठी सातबारावर कांद्याची नोंद हवी होती. आमच्या वाडीत अनेकांची ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून करायची पिकाची नोंद, झालेली नव्हती. कोणाकडे तसा फोन नव्हता, कोणाच्या रानात रेंज नव्हती. मोर्चात पायाला फोड येईपर्यंत चाललेला माझा चुलता कागदाअभावी कित्येक महिने हेलपाटे घालत राहिला. मागणी मान्य करून घेणारे लोक आमच्याकडे होते, पण शासन निर्णयाचा मसुदा लिहिला जात असताना त्या खोलीत आमचे कोणी नव्हते. साखर संघाचे माणूस अशा वेळी त्या खोलीत असते.

पंचगंगा

गोदाकाठ, हा शेवटचा परिच्छेद तुम्ही तुमच्या बाजार समितीच्या फलकावर लावा. आमच्याकडे ऊस परिषदेच्या ठरावांचा मसुदा आधी गावोगावच्या बैठकांत वाचला जातो आणि त्यात साखर उतारा, तोडणी-वाहतुकीचा खर्च, उपपदार्थांचे उत्पन्न यांचे हिशोब असतात. हे हिशोब शिकायला आम्हाला वीस वर्षे लागली. तुम्हाला ते करायचे असल्यास आमच्यातला एक माणूस निफाडला येऊन दोन दिवस राहील. कांद्याच्या उत्पादन खर्चाचे, आवकेचे आणि निर्यातीचे कागद जमवून ठेवा.

गोदाकाठ (धागालेखक)

अवश्य यावे. आमच्या गटात सध्या 41 शेतकरी आहेत आणि प्रत्येकाने या हंगामापासून विकलेल्या क्विंटलमागे एक रुपया बाजूला काढायचे ठरले आहे. हिशोबपट्ट्या जपून ठेवण्याचे काम चुलत्याकडे दिले आहे. मागच्या तीन वर्षांच्या पट्ट्या त्यांनी तारखेप्रमाणे लावून दोऱ्याने शिवल्या आहेत. मुलुंड पूर्व, तुमच्या सोसायटीतल्या दोन-तीन जणींना ऑक्टोबरमध्ये चाळ पाहायला यायचे असल्यास मला संदेश करावा. निवेदनावर तुमच्याही सह्या असाव्यात अशी माझी इच्छा आहे.